माशांचें पंचांग

श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करतात, हा सोहळा रत्नागिरींतील प्रत्येक विद्यार्थ्यानें मांडवीच्या किनाऱ्यावर पाहिलेला असेल. त्या दिवसापूर्वीं होडी समुद्रांत लोटूं नये, हा दर्यावर्दी लोकांचा पूर्वापार संकेत आहे. आज महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची कायद्यानेंच बंदी असते. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, हें एक कारण; आणि पुष्कळ जातींच्या माशांचा हा वीण घालण्याचा काळ असतो, हें दुसरें. खाऱ्या पाण्याचें हें पंचांग आम्हां किनाऱ्यावरील लोकांस तोंडपाठ आहे. परंतु गोड्या पाण्यालाहि पंचांग असतें, आणि तें प्रत्येक माशागणिक निराळें असतें, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत येते. त्या पंचांगाची ओळख करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं उदाहरण घेतलें आहे, तें शरद् ऋतूंत मोठ्या सरोवरावर, जाणत्या वाटाड्याच्या साहाय्यानें गळ टाकून केल्या जाणाऱ्या मासेमारीचें. प्रथम थंड देशांतील ट्राउट माशाकडे वळूं, आणि मग आपल्या सह्याद्रींतील महाशीराकडे येऊं.

थंड पाण्याचा रहिवासी

ट्राउट हा सामन माशाच्या कुळांतील मासा होय. त्याचें शरीर दोन्ही टोकांस निमुळतें व अंगावर ठिपके असतात. पाठीवरील मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्यें एक लहानसा मांसल पर असतो, ती या कुळाची एक खूण आहे. युरोपांतील तपकिरी ट्राउट, अमेरिकेच्या पश्चिम भागांतील इंद्रधनुषी ट्राउट आणि उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांतील लेक ट्राउट, हे यांतील तीन प्रसिद्ध भाऊबंद.

या सर्वांस थंड पाणी लागतें. साधारणतः १० ते १६ अंश सेंटिग्रेड उष्णतामानाच्या पाण्यांत ते सुखानें राहतात. पाणी २५ अंशांच्या आसपास पोंचलें कीं त्यांचा जीव कासावीस होतो. याचें मुख्य कारण असें कीं, मासा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि पाणी जों जों तापतें तों तों त्यांत वायु कमी मावतो. थंड सोडावॉटरची बाटली उघडली तर ती मर्यादेनें फसफसते. तीच उन्हांत ठेवून उघडली तर निम्मी बाहेर सांडते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. १० अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो; ३० अंशांच्या पाण्यांत तो साडेसातांच्या आसपास येतो. वाहत्या थंड झऱ्याची संवय असलेल्या माशाला अशा पाण्यांत गुदमरल्यासारखें व्हावें, यांत नवल नाहीं.

म्हणूनच भारतांत हा मासा आला तो थंड प्रदेशांतच रुजला. निलगिरींत त्याची अंडीं आणण्याचा पहिला प्रयत्न डॉ. फ्रान्सिस डे यांनीं इ. स. १८६३ मध्यें केला, तो फसला. पुढें १९०६ पासून एच. सी. विल्सन यांनीं चिकाटीनें प्रयोग केले, तेव्हां कोठें इंद्रधनुषी ट्राउट तेथील ओढ्यांत नांदूं लागला. काश्मीरांत १८९९ सालीं इंग्लंडहून पाठविलेलीं अंडीं वाटेंतच नासलीं; १९०० सालीं दुसरी खेप सुखरूप पोंचली, आणि श्रीनगराजवळ हारवन येथें तिची जोपासना झाली. कोंकणांत मात्र हा मासा कोणी आणला तरी तो पहिला वैशाख पाहणार नाहीं. मासा कोठें राहतो हें माणसाच्या हौसेवर नसून पाण्याच्या स्वभावावर अवलंबून असतें, हें या इतिहासावरून ध्यानांत येईल.

सरोवर आणि वाटाड्या

आतां मोठ्या सरोवराकडे वळूं. उत्तर अमेरिकेंतील सुपीरियर सरोवराचा विस्तार सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून अधिक आहे, आणि त्याची अधिकांत अधिक खोली ४०६ मीटर आहे. एवढ्या अफाट पाण्यांत वीतभर गळ टाकून मासा धरावयाचा, तर तो कोठें असेल हें आधीं जाणलें पाहिजे. येथेंच वाटाड्याची विद्या उपयोगी पडते.

उन्हाळ्यांत अशा सरोवराचे जणूं दोन मजले होतात. न्हाणीघरांतील बंबांत जसें तापलेलें पाणी वर आणि गार पाणी तळाशीं राहतें, तसा सरोवरांत वर ऊन पाण्याचा थर व खालीं थंड पाण्याचा थर असतो. ऊन पाणी हलकें, म्हणून तें खालच्या पाण्यांत मिसळत नाहीं. लेक ट्राउट अर्थातच खालच्या मजल्यावर मुक्काम करतो. शरद् ऋतु आला, रात्री गार झाल्या, कीं पृष्ठभागावरील पाणी निवून जड होतें आणि खालीं जाऊं लागतें. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतें, हें आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकतों. तो नियम येथें प्रत्यक्ष काम करीत असतो. वारा सुटला कीं वरचें पाणी खालीं व खालचें वर अशी घुसळण होऊन सर्व सरोवर एकजीव होतें. तळाशीं नवा प्राणवायु पोंचतो, कांठचें पाणी थंड होतें, आणि जो मासा उन्हाळाभर खोल अंधारांत होता तो खडकाळ उथळांकडे येतो.

वाटाड्या हें सर्व पुस्तकावांचून जाणतो. वारा कोणत्या दिशेनें किती दिवस वाहत आहे, त्यामुळें ऊन पाणी कोणत्या कांठाला लोटलें गेलें असेल, पाण्याखालीं खडकांचे उंचवटे कोठें आहेत, ओढा सरोवरास कोठें मिळतो, हें तो मनांत मांडतो. आज त्याच्या नावेंत उष्णतामापक असतो, आणि पाण्यांत आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणारें यंत्रहि असतें; तरी ती यंत्रें वाचणारी बुद्धि त्याचीच. नवशिक्याला जेथें केवळ पाणी दिसतें, तेथें त्याला गल्ल्या, मजले, दारें व उंबरठे दिसतात.

एकाचा हंगाम, दुसऱ्याचें लग्नघर

परंतु वाटाड्याचें याहूनहि मोठें एक काम आहे; आणि तें म्हणजे ‘आतां पुरे’ असें सांगण्याचें. कारण शरदांत लेक ट्राउट कांठाला येतो तो कांहीं आमच्या गळाला मान देण्यासाठीं नव्हे; तो येतो खडकांच्या फटींत अंडीं घालण्यासाठीं. तपकिरी ट्राउटचाहि हाच काळ. त्याची मादी ओढ्याच्या तळाशीं शेपटीनें खडी उकरून खळगा करते, त्यांत अंडीं घालते व वर पुन्हां खडी लोटते. १० अंशांच्या पाण्यांत तीं उबण्यास सुमारें सहा आठवडे लागतात. पाणी त्याहून थंड असेल तर कित्येक महिनेहि लागतात. म्हणून काश्मीरांत ट्राउटचा हंगाम साधारणतः एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालतो व मग थांबतो. आणि अमेरिकेच्या महासरोवरांतहि अनेक भागांत लेक ट्राउटला शरदांत कांहीं काळ अभय असतें. जेव्हां मासा सर्वांत सहज सांपडतो, तोच काळ पुष्कळदां त्याला धरण्यास सर्वांत अयोग्य असतो, हें या पंचांगाचें पहिलें सूत्र होय.

हें सूत्र विसरलें असतां काय होतें, याचा दाखला मिशिगन सरोवरानें दिला आहे. तेथें लेक ट्राउटची मासेमारी वर्षानुवर्षें बेसुमार चालली होती. त्यांतच समुद्रांतील लँप्री नांवाचा वामेसारखा लांबोडा, जबडा नसलेला व दुसऱ्या माशाच्या अंगास चिकटून त्याचें रक्त शोषणारा प्राणी आंत शिरला. नायगाऱ्याचा धबधबा त्याची वाट अडवीत असे. परंतु जहाजांसाठीं त्या धबधब्यास वळसा घालून माणसानें कालवा खणला, आणि त्या वाटेनें तो १९२१ पर्यंत ईरी सरोवरांत व १९३८ पर्यंत सुपीरियरमध्यें पोंचला. आधींच विरळ झालेला ट्राउट या दुहेरी माऱ्यापुढें टिकला नाहीं. १९५० नंतर थोड्याच वर्षांत मिशिगन सरोवरांतून त्याची मूळ वस्ती नाहींशी झाली. अमेरिका व कॅनडा या दोन राष्ट्रांनीं १९५४ सालीं करार करून एक मंडळ नेमलें, १९५८ पासून लँप्रीच्या पिल्लांवर औषध वापरण्यास आरंभ झाला, आणि ट्राउटचीं पिल्लें लक्षावधींनीं सोडावीं लागलीं. सुपीरियरमध्यें हा मासा पुन्हां आपल्या पायांवर उभा राहिला. परंतु त्यास अनेक दशकांचे श्रम व अपार द्रव्य लागलें. नाश होण्यास एका माणसाचें आयुष्यहि लागलें नाहीं.

सह्याद्रींतील खुद्री

आमच्याकडे ट्राउट नाहीं. परंतु गळाला लागला असतां बलाढ्य माणसाचाहि घाम काढणारा महाशीर आमच्या नद्यांत आहे. तो रोहूच्या कुळांतील मासा. ओठ जाड, खवले मोठमोठे, जबड्यांत दांत नाहींत. परंतु घशांत असे दांत कीं त्यांनीं खेंकडे व शिंपले चुरडले जातात. कांठच्या उंबराचीं फळें पाण्यांत पडलीं तर तींहि तो आवडीनें खातो. कर्नल साइक्स या इंग्रज संशोधकानें पुण्याजवळील मुळा-मुठेंतील महाशीराचें शास्त्रीय वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याला जें नांव दिलें तें येथील लोकांच्या तोंडचेंच: ‘खुद्री’. जगांतील कोणत्याहि देशाचा शास्त्रज्ञ आज या माशाचा उल्लेख करतो तो या नांवानेंच. एका मराठी कोळ्याचा शब्द शास्त्राच्या पोथींत असा अजरामर झाला आहे.

लोणावळ्याच्या आसमंतांत विजेसाठीं बांधलेले वळवण, शिरवतें इत्यादि मोठे तलाव आहेत. खोपोली येथें त्या पाण्यावर १९१५ पासून वीज निर्माण होऊं लागली. या तलावांत खुद्रीची वस्ती होती. तिचें पंचांग ट्राउटच्या नेमकें उलट. आषाढ-श्रावणांत डोंगरांतून लाल पाण्याचे लोंढे येऊं लागले कीं तिला वीण घालण्याची ओढ लागते. अंडीं ऊन पाण्यांत अवघ्या तीन-चार दिवसांत उबतात. आणि आश्विन उजाडतो तेव्हां तिचा संसार एकदांचा मार्गीं लागलेला असतो. म्हणून सह्याद्रीच्या तलावावर परवानगीनें गळ टाकावयाचा तर शरदासारखा काळ नाहीं. पाणी निवळलेलें, तलाव कांठोकांठ, आणि मासा अन्नाच्या शोधांत. तलावाकांठचा जाणता मनुष्य बरोबर असला तर तो सांगतो: ओढा जेथें तलावास मिळतो तेथें बसा, धरणापूर्वींची जुनी नदी बुडाली आहे तिच्या वळणावर गळ सोडा, सावली पाण्यावर पडूं देऊं नका, मोठ्यानें बोलूं नका. गळाचा उलटा काटा कानशीनें घासून टाकावा, मासा ओल्या हातानें धरावा, आणि मोठी मादी लागली तर तिला हळूच परत सोडावी, हेंहि तोच शिकवितो. मोठ्या मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात. तिला सोडणें म्हणजे बियाण्याची कणगी राखणें होय.

नद्यांवर धरणें झालीं, सुरुंगांनीं व विषानें डोह उपसले जाऊं लागले, तेव्हां महाशीर झपाट्यानें कमी झाला. अशा वेळीं मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें, १९७० च्या सुमारास, लोणावळ्यास एक महत्त्वाचा प्रयोग सिद्ध झाला. पावसाळ्यांत तलावांतील पक्व मादी धरून, तिचें पोट हलकेंच दाबून अंडीं काढावयाचीं, नराचें वीर्य त्यांत मिसळावयाचें, आणि वाहत्या पाण्यांतील तबकांत तीं उबवावयाचीं. टाटा वीज कंपनीनें तेथें चालविलेल्या केंद्रांतून लक्षावधि पिल्लें देशांतील अनेक जलाशयांत गेलीं.

येथें एक सावधगिरीची गोष्टहि सांगितली पाहिजे. हीं पिल्लें कावेरीसारख्या परक्या नदींतहि सोडण्यांत आलीं. कावेरीच्या खोऱ्यांत कुबड असलेला एक निराळाच प्रचंड महाशीर होता. १९४६ सालीं काबिनी नदींत गळाला लागलेला १२० पौंडांचा महाशीर सुप्रसिद्धच आहे. त्या माशाचें खरें शास्त्रीय नांव २०१८ सालीं निश्चित झालें, तोंपर्यंत तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. आणि इतर कारणांबरोबर बाहेरून आलेल्या खुद्रीची गर्दी हेंहि त्याचें एक कारण शास्त्रज्ञ मानतात. चांगल्या हेतूनें केलेलें कामहि दुसऱ्या पाण्यांत बाधूं शकतें. प्रत्येक नदीचें पंचांग तिच्या तिच्या माशांसाठीं असतें, हें त्याचें दुसरें सूत्र होय.

जुनें ज्ञान आणि आमची चढण

हा विचार आपल्या देशांत नवा नाहीं. सम्राट् अशोकानें, राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झालीं असतां कोरविलेल्या आपल्या पांचव्या स्तंभलेखांत, चातुर्मास्याच्या पौर्णिमा व दुसरे कांहीं ठराविक दिवस नेमून त्या दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, अशी आज्ञा केली आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा ग्रंथ रचला. त्यांत ‘मत्स्यविनोद’ या नांवानें माशांच्या जाती, त्यांस आवडणारें आमिष आणि गळ टाकण्याची रीति यांचें विवेचन आहे. महाडजवळ, सावित्रीच्या खोऱ्यांत, वाळणकोंड येथील डोहांत महाशीर निर्भयपणें वावरतात. ते देवीचे मासे, म्हणून त्यांस कोणी हात लावीत नाहीं, उलट कुरमुरे टाकतात. कायद्याला जें साधत नाहीं तें श्रद्धेनें तेथें साधलेलें आहे.

आतां आपल्या दाराशीं येऊं. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पलीकडे गेलें कीं कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला दिसतो. सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी तेथें मावतें, आणि वीज निर्माण करून झालेलें पाणी इकडे वाशिष्ठींत उतरतें. माणसाला त्याचा केवढा लाभ झाला, हें आम्हीं सांगावयास नको. परंतु १०३ मीटर उंचीची भिंत कोणत्याहि माशाला चढतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मोठ्या नद्यांच्या वाटा अशा अडल्या असतां लहान ओढ्यांचें मोल वाढतें.

आणि ओढ्यांतच आम्ही काय करतों? मृगाचा पाऊस कोसळला, पऱ्हे भरून वाहूं लागले, कीं मळ्या, शिंगटी यांसारखे मासे अंड्यांनीं भरलेल्या पोटानें प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि भातखाचरांच्या उथळ पाण्यांत वीण घालूं पाहतात. यांसच आम्ही चढणीचे मासे म्हणतों. त्या रात्रीं गांवोगांव लोक विजेऱ्या, पाग, काठ्या व कोयते घेऊन निघतात. पूर्वीं गांवें लहान होतीं, हत्यारें साधीं होतीं, अंधार दाट होता. दहा मासे सांपडले तरी शंभर निसटत. आज प्रखर दिव्यांच्या उजेडांत आणि बारीक विणीच्या नायलॉन जाळ्यांत निसटणारे किती? उन्हाळ्यांत आटलेल्या कोंडींत झाडपाल्याचें विष घालणें किंवा सुरुंग उडविणें हा तर गुन्हाच आहे. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानेंच तो तसा ठरविला. परंतु चढणीच्या रात्रीं पऱ्ह्यावर कोणताहि शिपाई उभा नसतो. तेथें माणसाचा विवेक हाच पहारेकरी.

आम्ही कोणाच्या ताटांतील घास हिरावूं इच्छीत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांतील गरीब घराला हा मासा मोठा आधार असतो, हें आम्हांस ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चढणीचे पहिले दोन-तीन दिवस मासा सुखानें वर जाऊं द्यावा, पऱ्ह्याची सर्व रुंदी जाळ्यानें अडवूं नये, आणि गरी घेऊन बसण्याचा खरा हंगाम आश्विन-कार्तिक हा मानावा. ज्या समाजानें नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात न लावण्याचा संयम शेंकडों वर्षें पाळला, त्याला पऱ्ह्यासाठीं चार दिवसांचा संयम जड जाऊं नये.

विद्यार्थिमित्रांनो, या पाठाबरोबर एक अभ्यासहि देतों. आपल्या गांवच्या पऱ्ह्यासाठीं एक वही घाला. पहिली चढण कोणत्या तारखेस लागली, कोणते मासे दिसले, त्यांस गांवांत कोणतें नांव आहे, पाणी केव्हां निवळलें, कोंड केव्हां आटली, तें तींत लिहा. आजोबांस विचारा, त्यांच्या लहानपणीं दिसणारे कोणते मासे आतां दिसत नाहींत. तें निराळ्या पानावर लिहा. साइक्सनें जीं नांवें टिपलीं तीं त्याला अशाच जाणत्या माणसांनीं सांगितलीं होतीं. पालकांसहि विनंती कीं, मुलें ही वही घेऊन आलीं असतां त्यांस वेळ द्यावा. कारण पऱ्ह्याची माहिती असलेला वाटाड्या पुष्कळ घरांत आजहि ओटीवर बसलेला आहे, आणि त्याला अद्याप कोणी विचारलेलें नाहीं. पांच वर्षें अशा वह्या भरल्या तर प्रत्येक गांवच्या पाण्याचें खरें पंचांग तयार होईल, आणि गळ केव्हां टाकावा व केव्हां गुंडाळून ठेवावा, हें त्यांतूनच कळेल.